पंखावरील लोंकरीचे धागे

देवघरांत लावलेल्या उदबत्तीच्या धुराकडे आपण कधीं क्षणभर पाहत राहिलां असाल, तर एक गोष्ट आपल्या ध्यानांत आली असेल. धुराची रेघ आरंभीं रेशमाच्या धाग्यासारखी सरळ वर जाते. वीत-दोन वीत उंचीवर ती किंचित् थरथरते आणि मग एकाएकीं तिचा गुंता होऊन ती विखुरते. धूर नसता तरी हवेची ही सारी हालचाल तेथें झालीच असती; आपणांस मात्र ती दिसली नसती. वारा आपण ऐकतों, अंगावर घेतों, झाडांच्या शेंड्यांवरून त्याचा अंदाज बांधतों. पण त्याला पाहत नाहीं. घरांत बसणाऱ्या माणसाचें त्यावांचून कांहीं अडत नाहीं. ज्यांनीं आपला देहच या न दिसणाऱ्या पदार्थाच्या हवालीं केला, त्यांचें मात्र फार अडलें, आणि पुष्कळांचे त्यांत प्राण गेले. त्यांचे अनुयायी हवा पाहण्यास कसे शिकले, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

विमानाला आकाशांत धरून ठेवतो तो त्याचा पंख. तो वाऱ्याला किंचित् तिरपा धरलेला असतो; हवा त्याच्या पाठीवरून आणि पोटाखालून जाते, आणि तिला खालीं वळवण्याच्या मोबदल्यांत पंखाला वरच्या दिशेनें उचल मिळते. पंख थोडा अधिक तिरपा धरला कीं उचल वाढते. मग नाक वर करीत गेलें तर ती अशी वाढतच जाईल काय? येथें सारी मेख आहे. सामान्य पंखाचा वाऱ्याशीं होणारा कोन पंधरा-सोळा अंशांच्या पलीकडे गेला कीं उचल वाढावयाची थांबते आणि लागलीच ढांसळूं लागते. इंग्रजीत या अवस्थेला 'स्टॉल' म्हणतात. आपल्याकडे स्टॉल म्हटलें कीं प्रदर्शनांतील चहाचें दुकान डोळ्यांपुढें येतें! शिवाय मोटारीचें इंजिन बंद पडलें तरी त्यालाहि हाच शब्द लावतात. त्यामुळें अपघाताची बातमी वाचणारा, विमानाचें इंजिन बंद पडलें असावें, अशी समजूत करून घेतो. वस्तुतः इंजिन उत्तम चालू असतांनाहि पंख अडूं शकतो. घाटांत बैल अडावा तसा तो अडतो, म्हणून आपण या भाषणापुरतें त्याला 'पंख अडणें' असेंच म्हणूं.

या अडण्यांत एक क्रूर गोष्ट आहे. विमान खालीं बसूं लागलें कीं माणसाचा हात आपोआप नाक वर ओढतो. पडणाऱ्यानें वर धरूं पाहावें, हा देहाचा धर्मच आहे. परंतु पंख अडलेला असतांना नाक वर ओढणें म्हणजे तो अधिकच अडवणें होय. सुटका उलट दिशेला, म्हणजे जमिनीकडे नाक करण्यांत असते. आणि जमीन आधींच जवळ आलेली असतांना हें करण्यास मोठें धैर्य लागतें. दुसरी फसगत वेगाची. अमुक मैलांच्या खालीं वेग गेला तरच पंख अडतो, अशी नवशिक्याची समजूत असते. पण खरें बंधन कोनाचें आहे, वेगाचें नव्हे. विमान साठ अंश कलवून उंची न सोडतां वळविलें तर पंखावर दुप्पट भार येतो, आणि सरळ उड्डाणांत जें विमान ताशीं ४० मैलांवर अडलें असतें, तेंच त्या वळणांत सुमारें ५७ मैलांवर अडतें. वेगाचा कांटा पाहून निर्धास्त राहिलेल्या माणसाला हें कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे.

ऑटो लिलिएंथाल या जर्मन एंजिनिअरनें १८९१ पासून पांच वर्षांत टेकड्यांवरून दोन हजारांच्या आसपास तरंगउड्डाणें केलीं. त्याच्या यंत्राला इंजिन नव्हतें; दोन बाहूंच्या आधारानें लोंबकळत, आपलें शरीर पुढें-मागें झुकवून तो तोल सांभाळी. पक्ष्यांच्या उड्डाणावरचा त्याचा ग्रंथ १८८९ सालीं निघाला होता, आणि कोणत्या कोनाला पंखास किती उचल मिळते याचीं कोष्टकें त्यानें स्वतः मोजून तयार केलीं होतीं. म्हणजे हा कोणी धाडसी अडाणी नव्हता. त्या काळीं पंखाविषयीं त्याच्याइतकें जाणणारा दुसरा मनुष्य क्वचितच असेल. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं श्टोल्न गांवाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवरून उडतांना त्याच्या यंत्राचें नाक वर झालें, तें हवेंत थबकलें, आणि सुमारें पन्नास फुटांवरून तें खालीं आलें. त्याचा कणा मोडला. दुसऱ्या दिवशीं बर्लिनमध्यें त्याचें देहावसान झालें. कोष्टकांतला आंकडा उचल किती तें सांगतो. ती कां जाते, पंखाच्या पाठीवर त्या क्षणीं काय घडतें, हें तो सांगत नाहीं.

राइट बंधूंनीं लिलिएंथालचा मृत्यु कधींच दृष्टीआड केला नाहीं. १९०१ सालीं किटी हॉकच्या वाळवंटांत विल्बरचें तरंगयंत्र तसेंच नाक वर करून थबकलें; परंतु उंची-खोली सांभाळणारें छोटें पातें त्यांनीं पुढच्या बाजूस बसविलें होतें, त्यामुळें तें डोक्यावर न पडतां सपाट खालीं उतरलें. त्यांची आणखी एक युक्ति मला मोठी गमतीची वाटते. यंत्र सरळ जात आहे कीं कडेला घसरत आहे, हें ओळखण्यासाठीं त्यांनीं पुढच्या बाजूस सुतळीचा एक तुकडा बांधून सोडला होता. सुतळी सरळ मागें राहिली तर ठीक. ती तिरकी झाली कीं वारा तिरका लागतो आहे असें समजावें. ही सुतळी ध्यानांत ठेवावी; आपल्या गोष्टींत ती पुन्हां येणार आहे.

तिकडे युरोपांतील प्रयोगशाळांत हवा दृश्य करण्याचे उद्योग आधींच सुरू झाले होते. व्हिएन्नामध्यें प्रख्यात पदार्थविज्ञानवेत्ते अर्नस्ट माख यांचे चिरंजीव लुडविग माख यांनीं १८९३ च्या सुमारास वाऱ्याच्या बोगद्यांत रेशमी धागे सोडले, सिगारेटचा धूर सोडला, आणि त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. पॅरिसमध्यें एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञानें याहून सुंदर काम केलें. घोड्याची चाल, पक्ष्याची भरारी, मांजराचें पडणें, असली क्षणभंगुर हालचाल छायाचित्रांत पकडण्यांत त्याचें आयुष्य गेलें होतें. १८९९ ते १९०१ या काळांत, सत्तरीच्या घरांत असतांना, त्यानें धुराचें एक यंत्र बांधलें. कांचेच्या पेटींतून पंख्यानें हवा ओढावयाची, ती रेशमी जाळींतून गाळून शांत करावयाची, आणि वरून बारीक नळ्यांच्या रांगेंतून धुराच्या समांतर रेघा तिच्यांत सोडावयाच्या. अखेरच्या यंत्रांत अशा रेघा पन्नासाहून अधिक होत्या. वाटेंत एखादी पट्टी किंवा गोळा ठेवून मॅग्नेशियमच्या लखलखाटांत छायाचित्र घेत. धुराच्या नळ्यांना सेकंदाला दहा हिसके देणारें विजेचें साधनहि त्यानें जोडलें होतें. त्यायोगें रेघांना नागमोडी आकार येई, आणि वळणांच्या अंतरावरून हवेचा वेग मोजतां येई. अमेरिकेंतील स्मिथ्सोनियन संस्थेचे लँग्ली यांनीं या कामीं त्याला साहाय्य मिळवून दिलें.

मारेचीं तीं छायाचित्रें आज पाहिलीं तरी डोळे खिळून राहतात. वाऱ्याला थोडी तिरपी धरलेली पट्टी असली कीं रेघा तिच्या दोन्ही बाजूंनीं सुरळीत वाहतात, जणूं विंचरलेले केस. पट्टी अधिक तिरपी केली कीं पाठीमागच्या रेघा तिला सोडून जातात, आणि मधल्या जागेंत भोंवरे माजतात. लिलिएंथालला ज्यानें मारलें तें येथें कागदावर दिसत होतें. पण मारे वैमानिक नव्हता. आणि उडूं पाहणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं हीं चित्रें या दृष्टीनें पाहिलीं असतील.

'दिसतें तें कां घडतें' या प्रश्नाचें उत्तर ज्यानें दिलें, त्याला तें एका कारखान्यांतील लांकडाच्या भुशानें सुचविलें. लुडविग प्रांटल हा तरुण एंजिनिअर १९०० सालीं न्यूरेंबर्गच्या एका यंत्रकारखान्यांत, रंध्याखालच्या ढलप्या आणि भुसा हवेनें ओढून नेणाऱ्या नळांची सुधारणा करीत होता. नळ हळूहळू रुंद केला तर आंतील हवेचा वेग कमी होऊन दाब वाढावा, हा हिशेब. प्रत्यक्षांत तो दाब मिळेना. हवा रुंदावणाऱ्या नळाच्या भिंतीला चिकटून न राहतां तिला सोडून मधूनच निघून जात होती. पुढें हानोव्हरला अध्यापक झाल्यावर त्यानें या कोड्यासाठीं पाण्याची एक लांबट टाकी बांधली. हातानें दांडा फिरविला कीं पात्यांचें चाक पाणी वाहतें ठेवी, आणि पाण्यांत चकचकणाऱ्या लोहखनिजाची पूड टाकलेली असे. प्रवाहाच्या वाटा त्या कणांच्या चमकण्यानें उमटत. ऑगस्ट १९०४ मध्यें हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेंत त्यानें या विषयावर दहा मिनिटांचा निबंध वाचला. छापल्यावर तो अवघा आठ पानांचा भरला. विमानविद्येचा पाया म्हणून मी एकच निबंध निवडावयाचा झाला तर हाच निवडीन.

प्रांटलचें म्हणणें थोडक्यांत असें. पंखाला अगदीं चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. घर्षणामुळें तो मंद झालेला असतो. पंखाच्या पाठीवर, पुढल्या कडेजवळ हवा वेगानें जाते आणि तेथें दाब कमी होतो. पण मागल्या कडेकडे जावें तसा दाब पुन्हां वाढत जातो. हवेला ही एक चढणच होय. सायकलवाला ओढ्याचा उतार उतरून त्याच वेगावर पलीकडचा चढ चढून जातो, तशी वरची मोकळी हवा ही चढण पार करते. पण ज्याचे ब्रेक सारा उतारभर घांसत आले आहेत तो सायकलवाला चढाच्या मध्यावरच थांबेल, आणि मग मागें घसरूं लागेल. पंखाला चिकटलेल्या थराचें नेमकें हेंच होतें. पंख फार तिरपा झाला कीं ही चढण अधिक उभी होते. थर थबकतो, उलटा फिरतो, आणि वरच्या साऱ्या प्रवाहाला पंखापासून उचकटून काढतो. अडलेल्या पंखाच्या पाठीवर हवा मागून पुढें वाहत असते! गणितानें नव्हे, तर चकाकत्या पुडीनें हें प्रथम डोळ्यांना पटविलें.

परंतु हायडेलबर्गमधील गणितज्ञांनीं ऐकलेली गोष्ट विमानांच्या मैदानापर्यंत पोंचण्यास फार वर्षें लागलीं. २५ ऑगस्ट १९१२ रोजीं इंग्लंडांतील सॉल्सबरी मैदानावर लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क हा आरमारी अधिकारी एका बंदिस्त अव्रो विमानांतून उतरत असतांना, वळणांत त्याचा पंख अडला आणि विमान गिरकी घेत खालीं येऊं लागलें. असल्या गिरकींतून तोंवर क्वचितच कोणी जिवंत सुटला होता. पार्कनें रीतीप्रमाणें नाक वर ओढलें, वळणाच्या बाजूसच सुकाणूं दाबलें, कांहीं होईना. शेवटचा उपाय म्हणून त्यानें सुकाणूं उलट बाजूस जोरानें लोटलें, आणि जमीन पन्नास-एक फुटांवर असतांना विमान सरळ झालें. त्यानें खालीं उतरतांच काय काय केलें तें सारें सांगितलें, आणि जाणत्यांनीं तें टिपून घेतलें. चार महिन्यांनंतर, १५ डिसेंबर १९१२ रोजीं, दुसऱ्या एका विमानाचें इंजिन नीट चालत नसतांना तोच पार्क वळण घेऊं गेला. पंख अडला, आणि तो व त्याचा सोबती दोघेहि ठार झाले. गिरकींतून सुटण्याची किल्ली जगाला देणारा मनुष्य त्याच शत्रूच्या हातीं पुन्हां सांपडावा, आणि या वेळीं किल्ली फिरविण्यापुरती उंचीहि त्याला लाभूं नये, ही गोष्ट वाचतांना मन विषण्ण होतें. पहिल्या महायुद्धांत फार्नबरो येथें मेजर गुडन यांनीं १९१६ मध्यें, आणि मागाहून शास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडमन यांनीं १९१७ मध्यें, मुद्दाम विमानें गिरकींत घालून सुटकेची रीत पक्की केली. पण ही झाली पडल्यानंतरची विद्या. पंख अडूं नये, किंवा अडला तरी बेतानें अडावा, म्हणून काय करावें?

एक उत्तर रुग्णालयाच्या खाटेवरून आलें. गुस्टाव्ह लाखमन हा जर्मन सैन्यांतील तरुण अधिकारी १९१७ सालीं उड्डाण शिकत असतांना पंख अडून पडला व जायबंदी झाला. पडल्यापडल्या त्यानें विचार केला कीं, पंखाच्या पुढल्या कडेशीं एक लांब फट ठेवली तर खालची जोरकस हवा तिच्यांतून वर येईल, आणि पाठीवरल्या थकलेल्या थराला ताजा हुरूप देईल. १९१८ च्या आरंभीं त्यानें एकस्वासाठीं अर्ज केला. परीक्षकांनीं तो फेटाळला. पंखाला भोंक पाडल्यास उचल नाहींशीच होईल असें त्यांचें मत पडलें. पुढें प्रांटलच्याच गोटिंगन येथील बोगद्यांत नमुना तपासला तेव्हां उचल साठ टक्क्यांहून अधिक वाढलेली आढळली, आणि मग एकस्व मिळालें. इंग्लंडांत फ्रेडरिक हँडले पेज यांना हीच कल्पना स्वतंत्रपणें सुचली होती; ऑक्टोबर १९२० मध्यें त्यांनीं लंडनच्या क्रिकलवुड मैदानावर असल्या फटीचें विमान लोकांना उडवून दाखविलें. दोघांनीं भांडत न बसतां समझोता केला, आणि १९२९ मध्यें लाखमन हँडले पेजच्या कारखान्यांतच रुजू झाला. हक्कासाठीं कोर्टाची पायरी चढण्याची हौस असणाऱ्यांना हें उदाहरण फारसें रुचणार नाहीं!

आतां लोंकरीकडे येऊं. बोगद्यांतील धूर आणि टाकींतील पूड यांचा एक मोठा दोष होता: तेथें पंख हातभर लांबीचा, आणि वाराहि मंद. ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनीं १८८३ सालींच, कांचेच्या नळीतील पाण्यांत रंगाची धार सोडून दाखवून दिलें होतें कीं प्रवाह शांत राहणें वा विस्कटणें हें आकार, वेग आणि चिकटपणा यांच्या प्रमाणावर अवलंबून असतें. म्हणून लहानग्या नमुन्याचा पंख ज्या कोनाला व ज्या रीतीनें अडतो, त्याच कोनाला व रीतीनें खरा पंख अडेलच असें नाहीं. खरें उत्तर हवें असेल तर खऱ्या विमानाच्या खऱ्या पंखावर, आकाशांतच, हवा पाहिली पाहिजे. पण ताशीं साठ-सत्तर मैल वेगाच्या वाऱ्यांत धूर सोडला तर तो डोळ्यांचें पातें लवतांच कोठच्या कोठें जाईल.

केंब्रिज येथें बेनेट मेल्व्हिल जोन्स हे १९१९ पासून विमानविद्येचे प्राध्यापक होते. स्वतः उडत, आणि विद्यार्थ्यांनाहि प्रयोगशाळा म्हणून विमानच दाखवीत. त्यांच्या मंडळींतील हॅस्लॅम यांनीं १९२८ सालीं एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. उडत्या विमानाच्या पंखावर प्रवाह शांत आहे कीं खवळलेला, हें लोंकरीच्या धाग्यांनीं प्रत्यक्ष ओळखण्याची रीत, हा त्याचा विषय. रीत इतकी साधी आहे कीं एवढ्यावर निबंध लिहावा लागला याचें आश्चर्य वाटतें. लोंकरीचे बोटा-दोन बोटांचे तुकडे घ्यावयाचे, प्रत्येकाचें एक टोंक पंखाच्या पाठीला चिकटवावयाचें, दुसरें मोकळें सोडावयाचें. असे धागे ओळींनीं साऱ्या पंखभर लावावयाचे. मग वर जाऊन नाक हळूहळू उचलावें, आणि पाहत बसावें. लोंकरच कां, तर ती हलकी, मऊ, आणि दुरूनहि दिसणारी. घरांत स्वेटर विणतांना उरलेला गुंडा चालतो.

काय दिसतें तें सांगतों. सरळ उड्डाणांत सारे धागे पंखाला चिकटून, टोकें मागे करून, आज्ञाधारक मुलांसारखे स्तब्ध पडलेले असतात. नाक वर होऊं लागलें कीं मागल्या कडेजवळचे कांहीं धागे अंगांत कापरें भरल्यासारखे थरथरूं लागतात. आणखी थोडें नाक वर झालें कीं ते डावी-उजवीकडे झोके खातात, पंखावरून उठून उभे राहतात, आणि मग, हें पहिल्यानें पाहणाऱ्याचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाहीं, ते टोंक फिरवून पुढें, विमानाच्या नाकाकडे, वळतात. विमान पुढें धांवत आहे, वारा समोरून तोंडावर आदळत आहे, आणि पाठीवरचे धागे मात्र वारा मागून येतो आहे असें सांगत आहेत. प्रांटलनें टाकींत पाहिलेला तो उलटा प्रवाह! आणखी नाक वर केलें कीं हा बंडाचा प्रदेश वणव्यासारखा पुढें व बाजूला पसरत जातो. मग विमान थरथरतें आणि नाक खालीं पडतें. नाक किंचित् खालीं केलें कीं क्षणार्धांत सारे धागे पुन्हां निमूट झोपतात. ज्या विद्यार्थ्यानें हें एकदां पाहिलें त्याला, पडतांना नाक खालीं कां करावयाचें, हें पाठ करावें लागत नाहीं.

धाग्यांनीं आणखी एक गोष्ट उघड केली, आणि बांधणाऱ्यांच्या दृष्टीनें तीच अधिक मोलाची ठरली. पंख सगळा एकदम अडत नाहीं; कोठून तरी आरंभ होतो. आयताकार, म्हणजे बुंध्यापासून टोंकापर्यंत सारख्या रुंदीच्या पंखावर धागे प्रथम बुंध्याशीं, म्हणजे विमानाच्या अंगाजवळ, उठतात. हें फार सोयीचें. तेथील खवळलेली हवा शेपटीवर आदळून वैमानिकाला आधींच सूचना देते. आणि तोल सांभाळणारीं पातीं पंखाच्या टोंकांजवळ असतात, तेथील धागे अजून शांत असल्यामुळें तीं हाताला दाद देतात. याउलट, टोंकाकडे फार निमुळता केलेला पंख पाहण्यास डौलदार आणि वजनाला हलका. १९३० नंतर त्याची मोठी टूम निघाली. पण त्याचे धागे टोंकाच्या बाजूनें उठूं लागतात. दोन्ही टोंकें एकाच क्षणीं अडणें दुर्मिळ. एक आधीं अडतें, त्या बाजूचा पंख धाडकन् खालीं जातो, सावरण्यासाठीं पातें हलवावें तर तें मेलेल्या हवेंत असतें, आणि विमान गिरकींत शिरतें. सूचनाहि मिळत नाहीं. मेल्व्हिल जोन्स यांनीं १९३४ सालीं रॉयल एरोनॉटिकल सोसायटीपुढें पंख अडण्याच्याच विषयावर व्याख्यान दिलें, यावरून या प्रश्नाची त्या वेळची निकड कळून येईल.

उपाय मग धाग्यांच्या साक्षीनेंच निघाले. पंखाला पिळा देऊन टोंकाचा कोन बुंध्यापेक्षां दोन-तीन अंशांनीं कमी ठेवावा, म्हणजे टोंक मागाहून अडतें. टोंकाशीं लाखमन-हँडले पेज यांची फट ठेवावी. किंवा बुंध्याजवळ पुढल्या कडेला तिकोनी धारेची एक छोटी पट्टी डकवावी, म्हणजे तो भाग मुद्दाम लौकर अडतो. हा शेवटचा उपाय मला विशेष आवडतो. पंखाचा कांहीं भाग जाणूनबुजून बिघडवून सारें विमान सुरक्षित करावयाचें! ही पट्टी किती लांब, नेमकी कोठें, हें आजहि पुष्कळदां विमान उडवून, धागे पाहून, पट्टी सरकवून ठरवितात.

डी हॅविलंड कारखान्याचें टायगर मॉथ हें शिकाऊ विमान १९३१ सालीं उडालें. त्याच्या वरच्या पंखाला, कोन वाढला कीं आपोआप उघडणाऱ्या फटी होत्या. दुसऱ्या महायुद्धांत आपल्याकडील कित्येक तरुणांनीं आकाशाचा ओनामा याच विमानांत गिरविला. अमेरिकेंत फ्रेड वाइक यांनीं वेगळाच मार्ग धरला. त्यांच्या 'एरकूप' या दोन आसनांच्या विमानांत (१९३७ मध्यें तें प्रथम उडालें) नाक वर करणाऱ्या पात्याची हालचालच इतकी मर्यादित ठेवली होती कीं वैमानिकानें कितीहि ओढलें तरी पंख पुरता अडण्याच्या कोनापर्यंत पोंचूंच नये. १९४० मध्यें 'गिरकी घेण्यास स्वभावतःच असमर्थ' असा सरकारी दाखला त्या विमानास मिळाला. आणि महायुद्धानंतर लिओनार्ड ग्रीन यांच्या उद्योगानें पंखाच्या पुढल्या कडेवर नखाएवढी एक पत्री आली. समोरून येणारी हवा ज्या रेषेवर दुभंगते ती रेषा कोन वाढला कीं खालीं सरकते; पत्री त्या रेषेच्या वरच्या बाजूस सांपडली कीं वारा तिला वर लोटतो आणि वैमानिकाच्या कानाशीं भोंगा वाजतो. मारेच्या धुराच्या चित्रांत ही दुभंगरेषा स्पष्ट दिसते. जिला कोणी पाहिलेंच नसतें तिच्यावर भोंगा बांधण्याची कल्पना कोणाला सुचली असती?

या साऱ्या परंपरेशीं आपल्या मुलुखाचा एक सरळ धागा जुळतो. कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे (१९०८–१९९१) हे मुंबईस शिक्षण घेऊन गोटिंगनला गेले, आणि खुद्द प्रांटल यांच्या हाताखालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. स्वदेशीं परतल्यावर १९४० नंतर ते बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत दाखल झाले. तेथें त्यांच्या नेतृत्वाखालीं आंखलेलें 'एच. टी. २' हें विमान ऑगस्ट १९५१ मध्यें आकाशांत गेलें. हवाई दलांत टायगर मॉथची जागा पुढें त्यानें घेतली, आणि तशीं दीडशेहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. शिष्य व गुरु यांच्यासाठीं मागें-पुढें दोन आसनें, आणि पंख अंगाच्या तळाशीं. म्हणजे मान वळविली कीं पंखाची पाठ दिसते. ज्या विद्यार्थ्याला आयुष्यांत पहिल्यानेंच मुद्दाम पंख अडवून पुन्हां सांवरावयास सांगतात, त्याच्यासाठीं आंखलेलें विमान हें अवघड काम आहे. त्यानें अडलें पाहिजे, पण विश्वासघात करतां कामा नये. हानोव्हरच्या टाकींतील पुडीपासून बंगलोरच्या धांवपट्टीपर्यंत ही विद्या गुरुमुखांतून एकाच पिढीच्या अंतरानें आली, ही गोष्ट आपल्या शाळांत सांगितली जात असेल असें मला वाटत नाहीं.

आतां गणकयंत्रें पंखावरील प्रवाहाचीं रंगीत चित्रें पडद्यावर काढून देतात. तरी अडलेल्या पंखावरची खवळलेली हवा हा त्यांच्या हिशेबांतला सर्वांत निसरडा भाग राहिला आहे, आणि नव्या छोट्या विमानाची चांचणी घेणारे आजहि पंखावर लोंकर चिकटवितात. पंख डोक्यावर असलेल्या विमानांत त्याची पाठ वैमानिकाला दिसत नाहीं, म्हणून शेपटीवर मुठीएवढा कॅमेरा बसवितात. पूर्वीं त्यासाठीं शेजारून दुसरें विमान उडवावें लागे. आणि बिनइंजिनाच्या तरंगविमानांत बसण्याचा योग आला, तर वैमानिकाच्या डोळ्यांसमोर कांचेच्या छत्रीवर बाहेरून काय चिकटविलें आहे तें अवश्य पाहावें. लाल लोंकरीचा वीतभर तुकडा असतो. वर्तुळें घेत ऊन हवेच्या खांबावर चढतांना वैमानिकाची नजर यंत्रांच्या कांट्यांपेक्षां त्याच्याकडेच अधिक वेळां जाते. आणि तो किंचित् जरी बाजूला कलला, तरी पाय आपोआप सुकाणूंवर दाबला जातो.